सासरेबुवा शेजारच्या सीटवर

४ फेब्रुवारी
आज दवाखान्यात थाप मारून आले. मोठ्या मॅडम म्हणाल्या, घरी जाऊन व्यायाम द्यायचे पेशंट वाढलेत, दवाखान्याची गाडी आहे, चालवता येते का? माझ्या तोंडून 'येते' निघून गेलं. मला तर सायकलसुद्धा वळणावर उतरून ढकलावी लागते! एप्रिलपासून फिरतीचं काम माझं. इतकी वर्षं त्या एका खोलीत लोकांचे गुडघे वाकवतेय — बाहेर पडायला जीव आसुसला होता, दुसरं काय.

५ फेब्रुवारी
जेवताना सांगून टाकलं. नवरोबाला हसता हसता ठसका लागला. तू शिकव म्हटलं, तर म्हणे, संसार टिकवायचाय ना आपल्याला?
सासरेबुवांनी ताटातून मान वर केली नाही. "उद्या सकाळी सहाला. बूट घालून ये."
जन्मभर बस चालवली त्यांनी. पण लग्न झाल्यापासून आमचं बोलणं म्हणजे 'बाबा, चहा ठेवू?' आणि 'ठेव'. आता रोज तासभर शेजारी.

६ फेब्रुवारी
घरची गाडी इतक्यांदा बंद पडली की मी मोजायचं सोडलं. बाबा रागावले नाहीत. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, तरी उजवा पाय दाबत होते मात्र.

१७ फेब्रुवारी
हा माणूस गाडीत बोलतो!
घरी तोंडाला कुलूप, आणि रस्ता लागला की सुटतात. आज सांगत होते — एकदा एक नवरी चुकीच्या बसमध्ये चढली, यांच्या. निम्म्या वाटेत तिच्या लक्षात आलं, रडायला लागली. यांनी भरलेली बस वळवली आणि तिला थेट मांडवाच्या दारात उतरवलं. एकाही प्रवाशानं कुरकुर केली नाही, उलट सगळे अक्षता टाकून आले. साहेबांनी मेमो दिला तो वेगळा.
हसून हसून मला गाडी कडेला घ्यावी लागली. विचारलं, हे घरी का नाही हो सांगत कधी?
"कुणी विचारलं नाही."
समोर बघूनच म्हणाले. मग मी विचारलं, आणखी एखादी सांगा ना.

२ मार्च
शेजाऱ्यांच्या फाटकाला गाडी घासली. फाटक शाबूत, मी मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. म्हटलं, माझ्या हातून नाही होणार, उद्या मॅडमना नाही म्हणून सांगते. बाबा शांतपणे म्हणाले, पहिल्या वर्षी त्यांनी डेपोची भिंत पाडली होती. पूर्ण.
"चल, गाडी सुरू कर."
केली.

१९ मार्च
परीक्षेत नापास. चढावर गाडी मागे गेली. परीक्षक पांढराफटक.
संध्याकाळी त्याच चढावर बाबांनी अंधार पडेपर्यंत घोटवून घेतलं. नवरोबा कोपऱ्यावर पाण्याची बाटली घेऊन उभा होता. हसत नव्हता. शेवटी तर टाळ्या वाजवल्या गाढवानं.

३० मार्च
पास!! बाबांना फोन केला तर म्हणाले, बरं, आणि ठेवून दिला. घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, हे सकाळपासून सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत.

३ एप्रिल
मॅडमनी किल्ली हातात ठेवली आणि म्हणाल्या, "शिकलीस एकदाची." म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं! माझे कान गरम.
पहिला पेशंट म्हणजे गाणं शिकवणाऱ्या एक आजी, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. पलंगावरून हलायला तयार नव्हत्या. पण मी निघाले तेव्हा काठी टेकत खिडकीपर्यंत आल्या — ही बाई गाडी मागे कशी घेते ते बघायला. पुढच्या वेळी दोनदा मागे घेईन.
परतताना एकटीच होते. मोठ्यानं गात आले. बेसूर.

१२ एप्रिल
सगळे नणंदेकडे निघालो. मी चालवत होते, सासूबाई माझ्या शेजारी, बापलेक मागे. गाव सुटलं तसा मागून घोरण्याचा आवाज. मला वाटलं नवरोबा. आरशात पाहिलं — बाबा!
"दुसऱ्याच्या गाडीत यांचा डोळा लागलेला मी जन्मात पाहिला नव्हता," सासूबाई म्हणाल्या. मला समोरचं धूसर दिसायला लागलं.
मग त्या माझ्याकडे झुकल्या आणि कुजबुजल्या, "हे उठायच्या आत सांग बरं — यातला क्लच कुठला?"