माझी बशी

३ फेब्रुवारी
आले एकदाची! नवी नोकरी, राहायची खोली प्रयोगशाळेच्या वरच, खिडकीत भरपूर ऊन. ताईला फोन केला. तिला नुकतेच दिवस गेलेत. बाळंतपणाला नक्की येईन म्हटलं, तर म्हणते, शब्द द्यायला तू पहिल्यापासून पटाईत.

काम नाजूक आहे. माणसाच्या पेशींपासून मूत्रपिंडाचे मोहरीएवढे गोळे बशीत वाढवायचे. काही बश्यांना साधं खाद्य, काहींना साखर घातलेलं. मधुमेहात मूत्रपिंड कसं बिघडत जातं, ते त्यांच्यावर बघायचं. नव्या माणसाने आपलं रक्त द्यायचं आणि त्यातून वाढवलेल्या स्वतःच्याच गोळ्यांवर हात बसवायचा, ही इथली रीत. इथल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञाला सगळे मास्तर म्हणतात. त्यांचं म्हणणं, स्वतःचं असलं की माणूस जपून हात लावतो.

२० जुलै
माझे गोळे देखणे निघाले. मास्तर म्हणाले, आईवर गेलेत.

आज एक घोळ केला. साखरेच्या गटातल्या एका बशीला माझ्या हलगर्जीपणाने बुरशी लागली. आमच्या प्रमुख डॉक्टरबाई फाडून खातील, म्हणून तिचा नंबर माझ्या सरावाच्या बशीवर चिकटवला आणि ती त्या गटात सरकवून दिली. एका बशीने काय बिघडतंय?

२ ऑगस्ट
चपला घट्ट होतायत. सकाळी डोळे सुजलेले. तपासण्या करून आणल्या. रक्तातली साखर अगदी ठीक, पण लघवीतून प्रथिनं जातायत. सूक्ष्मदर्शकाखाली माझे गोळेही तसेच, फुगलेले.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, बशीचंसुद्धा. त्या हसल्या. ज्या रोगावर काम करतो तो आपल्याला झालाय असं प्रत्येकाला एकदा वाटतंच, म्हणाल्या. बशी मात्र आता गटातच राहील.

११ ऑगस्ट
चोरून साधं खाद्य घालतेय. सूज वाढायची थांबली, उतरत नाही.

सुट्टी घेऊन ताईकडे निघाले होते. बशी मास्तरांवर सोपवली. बसमध्ये जीभ टाळूला चिकटली. बाटलीभर पाणी प्यायले, तहान जाईना, मग भानच गेलं. लोकांनी परत आणून सोडलं. मास्तर ओशाळून म्हणाले, खाद्य घालायचं राहूनच गेलं. मी घातलं. तहान भागली.

१९ ऑगस्ट
बशी घेऊनच पळायचं ठरवलं. उबेच्या कपाटातून काढली, डब्यात ठेवली. फाटकापर्यंत पोचले आणि भर उन्हात दात वाजायला लागले. बोटं निळी.
परत आले. कपाटाचं दार लावलं. ऊब आली.
फाटक इथून दिसतं.

२७ ऑगस्ट
खोलीत जात नाही. कपाटाशेजारीच खुर्ची. डॉक्टरबाई खूश आहेत, एवढी मन लावून काम करणारी मुलगी आजवर मिळाली नव्हती म्हणे.

२ सप्टेंबर
ताईला कळा सुरू झाल्या. कुठवर आलीस, विचारते. निघालेय, म्हटलं.

प्रयोग संपला. साखरेच्या सगळ्या बश्या आज फॉर्मलिनमध्ये जाणार — गोळे आहेत तसे कायमचे घट्ट करून ठेवायला. मास्तरांच्या हातापाया पडले. माझी नको. ते हो हो म्हणाले, आधी जरा पड म्हणाले —

दुपारी
डोळा लागला होता. कपाट रिकामं. मास्तर समोर, हात पुसत.
"ताईसाठी जीव तुटतोय ना तुझा? तुझी बशी मीच उरकली. जा, आता तू मोकळी."

घशात फॉर्मलिनचा वास. पाय उचलत नाहीत. फोन वाजतोय — ताई — हात तिथवर — बोटं वळत ना