शेठचा एक्स-रे आणि माझं नवं कार्ड

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी वाकलो.) तुझा गुडघा काय म्हणतो? काका पथ्य पाळतात, की पाळतो असं नुसतं सांगतात? इकडे आम्ही मजेत. तू माझ्याकडे सोपवून गेलेला तुझा शेठ (कुत्रा असला तरी घरात मालक तोच) आता ठणठणीत आहे. ‘आता’ का म्हणालो, ते सांगतो.

माझं काम काय, असं तू नेहमी विचारतेस. एका संगणकाच्या पोटात आम्ही दुसरा, खोटा संगणक चालवतो. त्या खोट्या संगणकाला लागणारं खोटं नेटवर्क कार्ड माझ्याकडे असतं. त्याला ना तार, ना स्क्रू. खऱ्या कार्डाची नुसती नक्कल करायची. गेल्या आठवड्यात आमच्या साहेबांच्या सांगण्यावरून मी त्या कार्डाला नव्या मॉडेलचं रूप दिलं आणि अपडेट सगळीकडे धाडून दिलं. टाळ्याही पडल्या.

दुसऱ्याच दिवशी शेठने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा चपटा सेल गिळला. त्याला उचलून तसाच जनावरांच्या दवाखान्यात पळालो. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, पण तो पडद्यावर येईना. त्यांचं एक्स-रे बघायचं सॉफ्टवेअर फक्त एका जुनाट सिस्टिमवरच चालतं (बनवणारी कंपनी कधीच बंद पडली), म्हणून ती सिस्टिम त्यांनी आमच्यासारख्याच खोट्या संगणकात जपून ठेवली आहे. आमच्यासारख्या म्हणजे आमच्याच. तिच्यातला ड्रायव्हर (गाडीचा नव्हे, कार्ड ओळखून त्याच्याकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम) जुन्या कार्डालाच ओळखतो. नवं नाव ऐकून तो गप्प बसला होता, आणि यंत्रातून एक्स-रे त्या कार्डावाटेच यायचा.

“सेल घशात अडकलाय की पोटात गेलाय, ते कळल्याशिवाय हात कसा लावू?” बाई कळवळून म्हणाल्या. “काल कुण्या गाढवाने अपडेट पाठवलंय!”

शेठ माझ्याकडे बघत होता.

“मी बघू का जरा?” मी विचारलं.

“तुम्हाला कळतं यातलं?”

“त्या गाढवाला ओळखतो.”

सेटिंगमध्ये जाऊन कार्डाला पुन्हा जुनं रूप दिलं, खोटा संगणक बंद करून चालू केला. ड्रायव्हरने कार्ड ओळखलं आणि एक्स-रे आला. सेल पोटात होता. बाईंनी शेठला भूल दिली आणि तोंडातून नळी घालून तो बाहेर काढला. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. रडलो नाही. (कंपाउंडर काही सांगत आला तर विश्वास ठेवू नकोस.)

शेठ काल जेवला आणि माझ्या चपलेवर झोपला. त्याचा काडीचाही त्रास नाही. काकांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. फोनवर ‘परतायची घाई करू नकोस’ म्हणालो होतो. आता कर.

ता. क. २. साहेबांनी पुढच्या अपडेटमध्ये जुनं कार्ड कायमचं काढून टाकायचं ठरवलंय. मी एकटाच विरोधात होतो. डॉक्टरीणबाईंशी अजून बोललो नाही. तू शेठला घेऊन गेलीस, की बोलेन.