किल्लीची खूण

हातेम,

आपल्या तलाकनंतरची ही पहिली ईद. तूप नाही, अंडी नाहीत. नुसतं पीठ, साखर, तेल आणि संत्र्याची साल घालून बिस्किटं केली. मोहल्ल्याच्या भट्टीवर सगळ्या घरांच्या ट्रेंची अदलाबदल होऊ नये म्हणून, सवयीने, तुमच्याच घराची किल्ली कोपऱ्यातल्या बिस्किटावर दाबली. भट्टीवाल्याने खूण ओळखून ट्रे तुझ्या आईकडे धाडला.

संध्याकाळी ट्रे घेऊन त्या माझ्या दारात!

"तेलाची केलीस? तूप मागायला जीभ झडली होती का गं?" म्हणाल्या आणि चहात बुडवून चार खाल्ली.

मी किल्ली परत द्यायला पुढे केली.

"राहू दे. सून अजून तूच आहेस. उद्या माझ्या बिस्किटांवरही खूण तूच कर."

ईदला येणार आहेस म्हणे. आईचं दार वाजवशील, तेव्हा मीच उघडीन. हे पत्र टाकत नाही. तिथेच कळू दे.

रावया