खिडकीजवळच्या प्लेट्स

३ एप्रिल
पावडर आज पुन्हा धुतली. झिंक ऑक्साइडचे कण इतके बारीक की बाटली उघडताना श्वास धरावा लागतो. त्यात अल्कलीचा अंश राहिला तर जंतू त्यानेच मरतील आणि फुकटचं कौतुक होईल कणांचं. नणंद म्हणाली, "वहिनी, घरातली भांडी कधी इतकी घासली होतीत का?"

कॉलेजातली वरच्या मजल्यावरची भट्टी माझी, खालची जंतूंची प्रयोगशाळा तिची. जंतू या वेळी तिच्या भावाचे – ह्यांच्या पायाच्या जखमेतून तिनेच काढलेले. औषधांना दाद देत नाहीत. सर्जन म्हणतात, दोन बोटं काढावीच लागतील.

५ एप्रिल
प्लेटवर जंतूंचा दाट थर, आणि पावडर घातलेल्या खळग्याभोवती जंतू मेल्याचा स्वच्छ गोल. नुसतं पाणी घातलेल्या खळग्याभोवती गोल नाही. नणंदेचे डोळे भरले. मी म्हटलं, "पुन्हा लाव."

७ एप्रिल
पुन्हा तेच. गोल उलट मोठाच.

सर्जनकडे गेलो. "बाई, प्लेट म्हणजे माणूस नव्हे."

"ठाऊक आहे. आठवडाभर थांबा. तिसऱ्यांदा जमलं, तर पुढचं तुम्ही ठरवा."

त्यांनी पाय बराच वेळ पाहिला. ताप आला, लाली वाढली तर लगेच या म्हणाले. थांबायला राजी नव्हतेच, मी थांबवलं.

परतताना हे म्हणाले, "तुला विनवण्या करता येतात हे एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं."

१० एप्रिल
गोल नाही. एकाही प्लेटमध्ये नाही. तीच पावडर, तेच जंतू. नणंदेला म्हटलं, तूच काहीतरी घोळ घातलास.

"भाऊ आहे तो माझा, वहिनी. मी घोळ घालीन?"

११ एप्रिल
सापडलं. आधी तिची जंतू वाढवायची उबदार पेटी दुरुस्तीला गेली होती. उन्हाळाच आहे म्हणून प्लेट्स खिडकीजवळच्या टेबलावर ठेवल्या होत्या. परवा पेटी परत आली. प्लेट्स आत, दार बंद.

"उजेड," मी म्हटलं. तिने कपाळाला हात लावला.

अर्ध्या प्लेट्स काळ्या कागदात गुंडाळल्या, अर्ध्या उघड्या. सगळ्या खिडकीत.

१२ एप्रिल
उघड्या प्लेट्समध्ये गोल. काळ्या कागदातल्या तशाच, जंतूंनी भरलेल्या. या पावडरीला उजेड लागतो. मी हे वर्गात शिकवलेलं आहे – फळ्यावर आकृती काढून.

जखमेवर पट्टी असते. पट्टीखाली उजेड कुठला.

संध्याकाळी ह्यांना सरळ सांगितलं. म्हणाले, "उजेडात चालते ना? मग मेहनत वाया नाही गेली."

पट्टी सोडली. पाय तापलेला. लाली घोट्यापर्यंत चढली आहे. सर्जनना फोन केला, निघतो आहोत.

१४ एप्रिल
दोन बोटं जायची होती. घोट्याच्या वर कापावं लागलं. मधले दिवस मी मागून घेतले होते.

किती गेलं ते ह्यांना अजून सांगितलेलं नाही. पांघरूण आहे. शुद्धीवर आले, खिडकीकडे पाहिलं, नर्सला म्हणाले, "खाट तिकडे घ्या. आमच्या हिच्या पावडरीला उजेड लागतो."

एका बाजूने नणंदेने धरली, दुसऱ्या बाजूने मी.