डोहाकाठचे दहा गुंठे

मी, निवृत्ती भिमाजी वारिंगे, वय वर्षे पंच्याहत्तर, सेवानिवृत्त हवालदार, राहणार मौजे वराळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझी पत्नी सरूबाई सहा वर्षांपूर्वी वारली. मला दोन अपत्ये आहेत. मुलगा प्रदीप तळेगावच्या कारखान्यात नोकरीस आहे आणि मुलगी सविता उर्से येथे दिलेली आहे. राहते घर प्रदीपला द्यावे. त्याने व सूनबाईने माझे दुखणे कुरकुर न करता काढले. बँकेतील ठेव दोघांत निम्मी-निम्मी.

२. माझी पदके प्रदीपने ठेवावीत, पण भिंतीवर लावू नयेत. एकाहत्तरच्या लढाईत मी सॅपर्सच्या तुकडीबरोबर पूर्वेकडे होतो. नद्यांवर पूल टाकणे हे आमचे काम. जुन्नरकडचा हौशीराम माझा जोडीदार. एका पहाटे नाव उलटली आणि तो गेला. त्याला गोळी लागली नव्हती. त्याला धड पोहता येत नव्हते. ते त्याने साहेबांपासून लपवले होते आणि फक्त मला ठाऊक होते. मी बोललो नाही. घरी परतलो तो एक गोष्ट ठरवून, की माझ्या गावचा एकही मुलगा पाण्यात मरू द्यायचा नाही. मनात शब्द ‘मुलगा’ हाच होता. तो अपुरा आहे असे तेव्हा वाटले नाही.

३. दोर, हवेच्या ट्यूबा आणि लोखंडी गळ हे सर्व गावच्या बचाव पथकास द्यावे. पंच्याऐंशी साली फौजेतून आल्यापासून दर उन्हाळ्यात मी इंद्रायणीच्या डोहात मुलांना पोहायला शिकवले. त्यांतलीच पुढे या पथकात आली. लोणावळ्याच्या धबधब्यांपासून पवना धरणापर्यंत कोणी बुडाले की आम्हाला बोलावणे येते. जिवंत थोडे सापडले. पथकाला माझी एकच सूचना आहे. गळ टाकण्याआधी नातेवाइकांना काठावरून लांब न्यावे आणि माणूस वर आल्यावर त्यांच्याशी कमी बोलावे.

४. माझा चुलतभाऊ हनुमंत याच्याशी मी एकोणतीस वर्षे बोलणे टाकले होते. सविता दहा वर्षांची असताना डोहावर आली आणि म्हणाली, “आबा, मला बी शिकवा की.” हनुमंत शेजारीच होता. तो म्हणाला, वारिंग्यांच्या पोरी आता पोरांसंगं नदीत उड्या मारणार का? मी सविताला काठावर मुलांचे कपडे सांभाळत बसवले. पुढे जे झाले त्याचा दोष मी हनुमंतला देत राहिलो. तो राग मी येथे मागे घेत आहे. तो बोलला खरा, पण मुलगी माझी होती आणि नाही म्हणणाराही मीच.

५. शहाण्णवच्या मे महिन्यात सविता आणि तिची मैत्रीण रूपाली गोधड्या धुवायला डोहावर गेल्या. रूपाली ही आमच्या शेजारच्या शालूबाईंची एकुलती एक. दोघी सोळा वर्षांच्या. रूपालीचा पाय घसरला. सविताने गोधडीचे टोक टाकून पाहिले, ते पोचले नाही. मी भाताच्या बियाण्यासाठी कामशेतला गेलो होतो. निरोप मिळून येईस्तोवर दीड तास गेला. रूपालीला मीच वर आणले.

सविता काठावर उभी होती. म्हणाली, “आबा, मला पवता येत आसतं तर ती वाचली आसती.”

मी म्हणालो, “मग मला दोघींना वर काढावं लागलं असतं.”

शालूबाईंनी ते ऐकले. सविताने त्यानंतर माझ्याकडे कधी काही मागितले नाही. सणाला येते, जेवून जाते.

पुढच्या उन्हाळ्यात डोहात पुन्हा मुलेच होती. मुली पाठवल्याच नसत्या कोणी, असे मी सांगत आलो. खरे म्हणजे मी एकाही घरी जाऊन विचारले नाही. ग्रामपंचायतीने माझे सत्कार केले. त्या शाली गोरगरिबांना वाटाव्यात.

६. डोहाकाठी माझ्या स्वतःच्या खरेदीची दहा गुंठे जमीन आहे. तेथे मुलींसाठी पोहण्याचा तलाव बांधावा व त्याला रूपालीचे नाव द्यावे, असे मी गेल्या वर्षी ठरवले आणि शालूबाईंना सांगायला गेलो. त्यांनी चहा केला, सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून माज्या पोरीचं नाव नका लावू.”

म्हणून ते कलम मी काढून टाकले. जमीन सविताला, विनाअट. तिने पिकवावी, विकावी, पड ठेवावी. प्रदीपची संमती घेतली आहे.

७. माझी रक्षा नदीत सोडू नये. शेतात खड्डा करून पुरावी.

वरील मजकूर टाइप झाल्यावर मी सविताला बोलावून वाचायला दिला. तिने ओट्यावर बसून दोनदा वाचला. कागद परत देताना म्हणाली, “तुमचं चुकलं, आसं कुटं लिवलंय ह्यात?”

मी पाने उलटून पाहिली. कोठेही नव्हते. तोवर ती चपला घालून निघाली होती.

म्हणून खालील ओळ मी माझ्या हाताने लिहीत आहे. अशा ओळीला कायद्यात काही अर्थ नाही, असे वकिलांचे म्हणणे. तरी ती मृत्युपत्राचा भाग समजावी.

सविता, तुला काठावर बसवलं ते माझं चुकलं. रूपालीला वर काढल्यावर तुला जे बोललो, तेही चुकलं.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांच्या समोर सही केली व त्यांनी माझ्या समोर केली.

निवृत्ती भिमाजी वारिंगे (सही)

साक्षीदार:
१. हनुमंत मारुती वारिंगे, रा. वराळे (सही)
२. निलेश माऊली शेलार, बचाव पथक, रा. वराळे (सही)

ठिकाण: वराळे
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५