वकीलसाहेबांची राहेल

मेडशी, ४ ऑक्टोबर १९३६, रविवार

आज उपासना एकटीनं चालवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. भजन मी उचललं, वचन मी वाचलं, गोष्टही मीच सांगितली. बायका सात. गोष्ट संपली तरी कोणी उठेना. शेवटी एक म्हणाली, "राहेलबाई कवा येईन?"

मिशनच्या कामातली माझी सोबतीण राहेल वाशीमला गेली आहे. बोर्डाच्या निवडणुकीला उभे असलेले वकीलसाहेब, त्यांचं बोलावणं आलं. काय काम ते माहीत नाही. मला बोलावणं नव्हतं.

६ ऑक्टोबर

रा. आली. मोटारीनं. वकीलसाहेबांच्या मोटारीनं, फाट्यापर्यंत.

काम असं. ज्या बायांच्या नावावर जमीन आहे त्यांना मत आहे. त्यात विधवा पुष्कळ. माजघरात उमेदवार शिरणार कसा? आम्ही मिशनच्या दोघी शिरतो. औषधाची गोळी, वाचून दाखवायचं पत्र, पोराचं दुखणं, काहीतरी निमित्तानं सगळ्या उंबऱ्यांनी आम्हाला ओळखलेलं. म्हणून.

मी म्हटलं, "जातो तर आपुन दोघी. मंग बोलावणं एकीलेच काहून?"

"तुले बोलता कोठी येते, शांते?" हसत म्हणाली. खोटं नाही ते. तरी.

८ ऑक्टोबर

आज सांगितलं तिनं. वकीलसाहेबांनी शब्द दिला आहे. निवडून आलो तर मेडशीला बाळंतपणाची खोली बांधतो, शिकलेली दाई ठेवतो. त्यावर ही तयार झाली.

रूथचं नाव तिनं काढलं नाही. मीही नाही. तिची एकुलती रूथ दोन वर्षांमागे अडली, आणि वाशीमच्या वाटेवर बैलगाडीतच गेली. मूलही. गाडीत डोकं माझ्या मांडीवर होतं.

मग मी नको कशी म्हणणार? म्हटलं नाही. पण एकीलाच बोलावलं, ते मनातून काही केल्या जाईना.

१७ ऑक्टोबर

तीन दिवस रा. बाहेर. मी पिशवी घेऊन देशमुखीणबाईंकडे गेले. त्या विधवा, चार नांगरांची शेती. पाट दिला, पाणी दिलं. म्हणाल्या, "राहेल येऊन गेली परवा. काय बोलते वो ती. माह्या सुना काम सोडून आयकत बसल्या."

मी विचारलं काय बोलली.

तर सगळं सांगितलं त्यांनी. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगताना रा. आधी थांबते, मग आवाज उतरवते, मग नुसतं बोट दाखवते दूर, जणू मेंढरू तिथं काट्यात अडकलंय. तसंच केलं म्हणे. बोट दाखवलं वाशीमच्या वाटेकडे, आणि वकीलसाहेबांसाठी मत मागितलं.

तो आवाज अकरा वर्षं मी शेजारी बसून ऐकला. तो देवाच्या कामाचा आहे असं समजत होते. तो आता दुसऱ्याच्या कामाला लावता येतो.

भजनाचं पुस्तक पिशवीतच राहिलं. काढलंच नाही.

१२ नोव्हेंबर

वकीलसाहेब आले. शाळेसमोर सभा. ठेंगणा माणूस, काळा कोट, बोलताना टाचा उचलतो. रा. बायकांच्या बाजूला पुढं बसली होती. सगळ्यांदेखत तिला नमस्कार करून म्हणाले, "या आमच्या राहेलबाई."

आमच्या.

मी अनाथाश्रमातली. दुष्काळात मिशननं उचलून आणलेली, आईबापाचं नाव नाही. मला "आमची" म्हणणारी या जगात एकच. लहानपणी मला तोंडात घास धरून बोलायची सवय होती, तेव्हापासून ती मला ओळखते. आणि हा माणूस दीड महिन्यात म्हणतो, आमच्या.

सभा सुटल्यावर माझ्याकडे बघून विचारलं, "या कोण?"

रा. म्हणाली, "माही जोडीदारीण."

"बरं, बरं," म्हणाले, आणि पाटलांकडे वळले.

२२ नोव्हेंबर

रा. चार गावं करून आली. पाय सुजलेले. मी पाणी तापवलं, पण पाय चोळून दिले नाहीत. नेहमी देते. तिनं वाट पाहिली थोडी. मग स्वतःच चोळले.

२९ नोव्हेंबर, रविवार

आज वचन मी निवडलं. सत्ताधाऱ्यांवर टेकू नये, माणसाच्या नाकात दम आहे तोवरच त्याच्या शब्दाला किंमत, ते. नंतर मी बोलले. एरवी मला शब्द सुचत नाहीत. आज सुचले. पुढारी येतात, आपल्या दारात बसतात, आपलं पाणी पितात, आणि निघून गेले की आपला उंबरा विसरतात. देव विसरत नाही. असं बरंच. बायका एकेक करून रा.कडे बघू लागल्या. मला ते दिसत होतं. मी थांबले नाही.

रा. मान खाली घालून बसली होती. नंतर भांडी घासताना म्हणाली, "वचन खरं हाय, शांते. पन तू ते वाचलं नाई. माह्यावर फेकलं."

मी म्हटलं, ज्याला लागलं त्यानं विचार करावा.

"लागलं," म्हणाली.

१० डिसेंबर

इथं लिहिते, कारण तोंडानं कबूल करायची हिंमत नाही. आठ दिवस झाले, रोज गुडघे टेकून मी एकच मागते. वकीलसाहेब पडू देत. आणि पडले नाहीत तर ती खोली होऊ देऊ नको.

ज्या बाया उद्या अडतील त्यांचा विचार मनात येतो. आला की आमेन म्हणून उठते.

२५ डिसेंबर

नाताळ. रा. कालच आली. दोघींनी करंज्या केल्या, जुनी गाणी म्हटली. ती दुसरा सूर धरते तेव्हा माझा आवाज बरा लागतो. दिवसभर वकीलसाहेबांचं नाव तिनं काढलं नाही. माझ्यासाठी नाही काढलं, हे कळलं मला. तेही लागलं.

१९ जानेवारी १९३७

निवडून आले. वाजंत्री, गुलाल. रा.च्या केसांत गुलाल, पदरावर गुलाल. घरात शिरताना हात जोडून वर बघत म्हणाली, "देवबापा, तुयी दया." मग मला धरलं दोन्ही खांद्यांनी. "खोली होईन शांते. आपल्या गावात होईन."

माझ्या लुगड्यावर तिचे हात उमटले. लगेच धुतलं.

९ फेब्रुवारी

गावाबाहेर विटा येऊन पडल्या. दोन गाड्या. रा. रोज जाऊन बघते.

६ मार्च

विटा तेवढ्याच. रा. दोनदा वाशीमला जाऊन आली. पहिल्या वेळी वकीलसाहेब भेटले, चहा दिला, "बघतो" म्हणाले. दुसऱ्या वेळी ओसरीवर बसवलं. दुपार झाली तेव्हा कारकुनानं सांगितलं, साहेब नागपूरला गेलेत. आत त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता म्हणे.

हे सांगताना रडली नाही. पाणी प्यायली आणि चटईवर आडवी झाली.

मला आनंद झाला. केवढा झाला हे पाहून भीती वाटली, तरी झालाच.

१३ मार्च, वाशीम

मिशनच्या मासिक सभेला आले. मिससाहेबांनी मला एकटीला आत बोलावलं. राहेलनं हिवाळ्यात मिशनचं काम टाकून निवडणुकीचं केलं, असं कानावर आलंय. खरं काय?

मी खोटं एक अक्षर बोलले नाही. किती दिवस बाहेर होती ते सांगितलं. कोणाच्या मोटारीतून आली ते सांगितलं. देशमुखीणबाईंकडे मेंढराची गोष्ट कशासाठी सांगितली तेही. फक्त रूथचं सांगितलं नाही. मिससाहेब नव्या आल्या आहेत, त्यांना रूथ माहीत नाही.

बाहेर आले तेव्हा रा. जिन्याजवळ उभी होती. "काय म्हनत होत्या?"

"काही नाही," म्हटलं. हे मात्र खोटं.

२० मार्च

मिससाहेबांचं पत्र. राहेलनं मेडशी सोडावी. पावसाळ्यापर्यंत वाशीमला आवारातल्या मुलींवर देखरेख, पुढचं मग बघू. माझ्यासोबत मानोऱ्याची एक तरुण बाई देणार.

मला ती परत हवी होती. त्यासाठीच सगळं केलं.

२२ मार्च

तिला कळलं. मिससाहेबांनीच पत्रात लिहिलं होतं, "शांताबाईंनी दिलेल्या माहितीवरून." मी ते वाचलं होतं, पण तिच्यापुढं पत्र ठेवताना विसरले. की विसरले नव्हते, कोण जाणे.

ती पेटी भरत होती. मी उभी. म्हटलं, "राहेल, मले तसं नव्हतं पायजे."

ती म्हणाली, "म्या त्या वकिलावर भरवसा ठेवला. चुकली. देवाले सांगतलं म्या, चुकली म्हनून. तू कोनावर ठेवला व?"

मी म्हटलं, देवावर.

"नाई. माह्यावर. आन् मी बी मानूसच हाय, शांते. माह्या बी नाकात दमच हाय."

मग पदरानं हात पुसून पुन्हा लुगडी घालू लागली. मी घड्या करून देऊ लागले तर घेतल्या. नको म्हणाली नाही.

२८ मार्च, ईस्टर

उपासनेला बायका अकरा. उठला आहे, उठला आहे, म्हटलं. दुसरा सूर नव्हता.

७ एप्रिल

रा.नं मिससाहेबांना विनवलं, मुलींवर देखरेखीपेक्षा मला अकोल्याला दाईचं शिकायला पाठवा. बेचाळीस वर्षांची बाई. मिससाहेब नको म्हणत होत्या. शेवटी हो म्हटलं. हे मला मानोऱ्याच्या सुमनबाईनं सांगितलं, ती कालच इथं आली. चांगली आहे. घोरते.

खोली नाही तर नाही, हात तरी शिकलेले असतील, असं रा. म्हणाली म्हणे.

२० एप्रिल, पोहरादेवी

रामनवमीची यात्रा. आम्ही झाडाखाली चटई घालून पुस्तकं मांडली. उन्हात तांड्यातल्या बाया येत होत्या, आरशांचे घागरे, हातभर चुडे. दोन वेळा भजन उचललं.

दुपारी वकीलसाहेबांचा कारकून आला. पायांत धूळ, हातात छत्री. जवळ बसला. म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, मेडशी भागातल्या बायांशी संबंध ठेवायला कोणीतरी हवं. राहेलबाई तर गेल्या. "तुमी काहून येत नाई, शांताबाई? साहेब म्हणत होते, त्या शांत बाई समजदार दिसतात."

हे लिहायलाच पाहिजे. क्षणभर मला सगळं दिसलं: फाट्यावर मोटार, माजघरात मी बोलते आहे, आणि कोणीतरी सगळ्यांदेखत "आमच्या शांताबाई" म्हणतंय. ज्या माणसासाठी मी चार महिने वाईट मागितलं, त्यानं मला लक्षात ठेवलं म्हणून मला गोड वाटलं.

मी विचारलं, "विटांचं काय झालं?"

तो म्हणाला, "होईन ना. तुमी आल्या तर लवकर होईन."

हाच शब्द साहेबांनी तिलाही दिला होता.

"नाही," म्हटलं. छत्री उचलून गेला. पण उत्तर द्यायला मला वेळ लागला. सुमनबाईच्या लक्षात आलं नाही. देवाच्या आलं असणार.

२ मे, रविवार, मेडशी

रा.ला पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी सरळ लिहिलं. खोली होऊ नये म्हणून मी प्रार्थना करत होते. मिससाहेबांना मीच सांगितलं, आणि रूथचं मुद्दाम सांगितलं नाही. मिससाहेबांनाही वेगळं पत्र घातलं, त्यात रूथचं सगळं. उशीर झाला, पण घातलं.

माफ कर असं लिहिलं होतं ते खोडलं. तिला नको असेल तर मागणंही ओझंच.

१८ मे

उत्तर नाही.

२६ मे

उत्तर नाही. मिससाहेबांचं एका ओळीचं आलं: "हे आधी कळायला हवं होतं."

९ जून

देशमुखीणबाईंकडे गेले. धाकट्या सुनेला आठवा लागलाय. पाय जड झालेत, तोंड सुजल्यासारखं. सासू म्हणाली, "राहेल अठी असती तं. ते शिकून राह्यली म्हंते ना? कवा येईन?"

वर्ष लागेल, म्हटलं. येईल की नाही तेही माहीत नाही.

पोर घाबरलेली. माझा हात सोडेना. मी म्हटलं, पाय सुजणं बरं नाही, आत्ताच वाशीमच्या दवाखान्यात दाखवा, वेळ भरायची वाट बघू नका, मी गाडीत बसते सोबत. देशमुखीणबाईंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, परवा काढू गाडी.

परवा म्हणजे अकरा तारीख.

घरी येऊन गुडघे टेकले. त्या पोरीचं नाव घेतलं. तिच्या बाळासाठी मागितलं. दाईसाठी, खोलीसाठी मागितलं, कोणाच्याही हातून होऊ दे म्हटलं, वकीलसाहेबांच्याही. इथवर नीट आलं.

मग म्हणायचं होतं, राहेलला तिथंच सुखी ठेव, ती परत नाही आली तरी चालेल. अर्धं म्हटलं. सुमनबाई जेवायला हाक मारत होती. उठले.