डायरीतलं तुमचं अक्षर

अहो,

तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून तपासणीला एकटीच निघाले. पाठीचा पट्टा घट्ट बांधलाय.

नव्या औषधाच्या चाचणीची डायरी उघडली, तर कालच्या पानावर तुमच्या अक्षरात "काही त्रास नाही"! ते खोडून "दोनदा उलटी, पायांना मुंग्या" असं लिहून सही केली. मला चाचणीतून काढतील ही तुमची धास्ती कळते हो. पण तीस वर्षं बाजारातले वजनकाटे तपासले मी, कुणाची भीड ठेवली नाही. आता हाडांच्या मज्जेतल्या या कॅन्सरवर औषध किती चालतं, ते माझ्यावर तोललं जातंय. माझ्यानंतर ते घेणाऱ्यांना खोटं वजन मिळणार नाही.

दूध तापवून ठेवलंय. डायरी सोबत नेतेय. तुमचं पेनसुद्धा.